टाकीला कान लावणारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या गॅरेजमालक संघाचे अध्यक्षसाहेब. व्यासपीठावर आलेल्या प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्याबाई. समोर बसलेले माझे धंदेबंधू आणि त्यांच्या घरची मंडळी. पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली आमची ही. आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती माझी सून. सर्वांना माझा नमस्कार. कोणाचा उल्लेख राहिला असेल तर आत्ताच हात वर करा. नंतर आठवलं तर मला रात्रभर झोप लागायची नाही.

माइक चालू आहे ना? माझ्या आवाजाचा मलाच अंदाज येत नाही म्हणून विचारतो. मागे ऐकू येतंय? बरं. बाहेर पांढऱ्या गाडीला चिकटून कोणीतरी स्कूटर लावली आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपा करून काढावी. ती गाडी कार्यक्रम संपला की निघणार आहे. ऐनवेळी घोटाळा नको.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. भाषण म्हणून मी कधी केलेलं नाही. अध्यक्षसाहेब म्हणाले, तुम्ही सासरे आहात, तुम्हीच बोला. मी म्हटलं, साहेब, मी बोललो आणि रडलो तर? ते म्हणाले, मग आम्ही टाळ्या वाजवू, कोणाला कळणार नाही. तेव्हा टाळ्यांची तयारी ठेवा.

इथे घरच्या मंडळींना आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गाडी सुरू होत नाही, स्टार्टर नुसता फिरतोय, तर आम्ही पहिल्यांदा काय बघतो? पेट्रोल पुढे येतंय का ते. पेट्रोल ढकलणारा पंप असतो टाकीच्या आत. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून किल्ली अर्धीच फिरवायची आणि ऐकायचं. पंप चांगला असेल तर क्षणभर गुणगुणतो आणि गप्प होतो. आमच्या गॅरेजमध्ये त्याला आम्ही म्हणतो, पंप बोलला. म्हणून या कामाला माणसं दोन लागतात. एक किल्लीवर, दुसरा मागच्या सीटशी टाकीला कान लावून.

माझे कान पत्रा ठोकून ठोकून केव्हाच गेले. तेव्हा किल्ली माझी आणि कान माझ्या मुलाचा. मी पुढून ओरडायचो, "बोलतोय का रे?" तो मागून ओरडायचा, "बोलतोय!" किंवा, "नाही बोलत!" आम्हा बापलेकांचं दिवसभराचं बोलणं एवढंच. घरी जेवताना तर तेवढंही नाही. ही म्हणायची, तुम्हा दोघांना जेवणाच्या टेबलाखाली एकेक पंप बसवून देते, म्हणजे बोलाल तरी.

मग तो आजारी पडला आणि गेला. याच्यावर मी जास्त बोलणार नाही. आपण सगळे तेव्हा आला होतात. शटर बंद होतं तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी माझी अडलेली गिऱ्हाइकं स्वतःच्या गॅरेजात नेऊन सांभाळली आणि पुन्हा मला परत दिली. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

शटर उघडलं त्या दिवशी पहिली गाडी आली ती नेमकी न सुरू होणारी. मी सीटवर बसलो, किल्ली अर्धी फिरवली आणि सवयीने ओरडलो, "बोलतोय का रे?"

मागे कोणी नव्हतं. तोंडातून शब्द गेले आणि मग मला कळलं. हात किल्लीवर तसाच राहिला. आणि मागून आवाज आला, "परत फिरवा, बाबा. नीट ऐकू नाही आलं."

आमचं घर गॅरेजच्या वरच, सून चहा द्यायला खाली आली होती. कप बोनेटवर ठेवून ती मागच्या दारातून आत वाकली होती. मी परत किल्ली फिरवली. ती म्हणाली, "बोलतोय. पंप ठीक आहे, दुसरीकडे बघा."

मी विचारलं, "तुला काय कळतं?"

ती म्हणाली, "तुम्ही दोघं इतकी वर्षं खालून ओरडताय. वर राहून बहिरी थोडीच झाले मी?"

त्या दिवसापासून ती खालीच राहिली. वायरिंग शिकली. कोर्स केला. आपल्यातले काही जण सुरुवातीला मुद्दाम गाडी घेऊन यायचे, गंमत बघायला. मला माहीत आहे कोण कोण, मी त्यांच्याकडे बघत नाही. नंतर तेच अडल्यावर फोन करायचे, "ताई आहेत का?" मी म्हणायचो, मी आहे की. तर म्हणायचे, तुम्ही नको, ताईंना द्या.

आता प्राचार्याबाई. बाईंची गाडी मध्यंतरी आमच्या दारात बंद पडली. सून काम करत होती आणि काय करतेय ते बाईंना सांगत होती. तिला ती सवयच आहे. गाडी सुरू झाली तशा बाई म्हणाल्या, हे तू माझ्या मुलांना शिकवायला येशील का? गाव लांब. राहायचं तिथेच. सून तेव्हा नाही म्हणाली. मला आतून फार बरं वाटलं. हिला मात्र बरं वाटलं नाही. ही म्हणाली, "अहो, आपण दोघं पिकली पानं. आपल्यामागे या पोरीनं काय करायचं? शटर ओढत बसायचं?" आणि हिनेच आठवडाभर तिच्या मागे लागून होकार द्यायला लावला. लोक म्हणतात, सून म्हाताऱ्यांना टाकून चालली. कृपा करून असं म्हणू नका. तिला घराबाहेर काढणारी बाई ही इथे पहिल्या रांगेत बसली आहे.

आता काल काय झालं ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं संपेल. अध्यक्षसाहेब घड्याळ बघतायत.

काल दुपारी मुलाच्या गाडीत सामान भरलं. ती पांढरी गाडी. तिचे कपडे आणि पुस्तकं ती कधीच भरून मोकळी झाली होती. माझं मन मानेना. तिकडे हत्यारं कसली देतील, कोणास ठाऊक. म्हणून मी पेटी भरली. पाने, हातोड्या, आणि काम घट्ट पकडून ठेवणारा बाकावरचा लोखंडी व्हाइस. मुलाचा हात त्याच्यावर चालायचा. ही म्हणाली, "ती शिकवायला चाललीय, लोहारकामाला नाही." मी ऐकलं नाही. पेटी एकट्याने उचलली, कशीबशी डिकीपर्यंत नेली, आणि तिथे हातातून सुटली. धाडकन आत पडली. अख्खी गाडी हलली. कोणी बघितलं नाही म्हणून मी डिकी लावून टाकली.

थोड्या वेळाने सून गाडी बाजूला घ्यायला गेली. गाडी सुरू होईना. मला किल्लीवर बसवून तिने मागे कान लावला. म्हणाली, "नाही बोलत."

तिने बघायला सुरुवात केली, मी मागे मागे. फ्यूज बघितला, चांगला. पंपाला करंट सोडणारा रिले गेला असेल म्हणून हॉर्नचा रिले काढून त्याच्या जागी लावला, तरी नाही. बराच वेळ ती डिकी उघडून आत बघत उभी राहिली. मग डिकी लावली आणि बाकावर जाऊन बसली. म्हणाली, "बाबा, गाडीलाच जायचं नाहीये. मी बाईंना कळवते, नाही जमत म्हणून."

मंडळी, माझं काय झालं असेल? मला हेच तर हवं होतं. मी गप्प बसलो असतो तर आज हा हॉल रिकामा असता आणि ही पोर संध्याकाळी नेहमीसारखी हात पुसत वर आली असती. मी हिच्याकडे बघितलं. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी टेस्ट लॅम्प उचलला, तारेत करंट असला की लागतो तो दिवा. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. हिला किल्लीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा. "अर्धीच फिरव गं, पूर्ण नको," असं मी चारदा सांगितल्यावर ही म्हणाली, "संसार केलाय तुमच्याबरोबर, अर्धं काय ते कळतं मला." रिलेपाशी दिवा लागला. मागच्या सीटखाली पंपाच्या तारेवर लावला, तर दिवा नाही. म्हणजे पंप चांगला. करंट निघतो, पण मध्येच कुठेतरी थांबतो.

मी मोठ्याने म्हटलं, "मध्ये काय आहे?"

सून बाकावरूनच म्हणाली, "धक्क्याचं बटण, बाबा."

या गाडीत डिकीच्या बाजूला एक बटण असतं. गाडीला मोठा धक्का बसला की ते आपोआप वर उडतं आणि पंप बंद करतं, पेट्रोल सांडून आग लागू नये म्हणून. पेटी पडली तेव्हा ते उडालं होतं. मी टाकलेल्या पेटीच्या मागेच होतं.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

म्हणाली, "डिकी उघडली तेव्हाच दिसलं. दाबायला हात होईना."

पेटीतून व्हाइस काढला आणि परत बाकावर ठेवला. पेटी सरकवली. गाडीखाली वाकून वास घेतला, कुठे गळत तर नाही ना, ते बघितल्याशिवाय बटण दाबायचं नसतं. नव्हतं गळत. मी दोनदा बघितलं. खरं सांगतो, तिसऱ्यांदाही बघितलं. मग आणखी बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा अंगठा टेकवला आणि दाबलं. ही किल्लीवर होतीच. सून उठली, मागच्या दारातून आत वाकली, आणि म्हणाली, "बोलतोय, बाबा."

टाळ्या नकोत. अजून रडलो नाही.

प्राचार्याबाई, तुम्हाला विनंती एवढीच की ती कामात असली की जेवायचं विसरते. कोणीतरी हाक मारावी लागते. आणि घसा दुखत असला तर सांगत नाही.

आपण सगळे कामधंदा सोडून आलात, संघाने हॉल दिला, कोणीतरी एवढ्या खुर्च्या मांडल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात कोणाला टोचलं असेल, कोणाचं राहून गेलं असेल, तर अडाणी म्हातारा म्हणून पोटात घाला.

आणि सूनबाई, एक काम राहिलं आहे. आता आपण बाहेर जाऊ. आज किल्लीवर तू बसायचंस आणि मागे मी. मला ऐकू यायचं नाही, पण टाकीवर तळहात ठेवला तर गुणगुणणं हाताला लागतं, एवढं मला कळतं. तू पुढून विचार. मी "बोलतोय" म्हणून सांगेन आणि दार लावून घेईन. माझा आवाज नीट आला नाही तर परत विचारू नकोस. गाडी सुरू कर आणि नीघ.

स्कूटर काढली का कोणी?