भिवापूरचं तिखट

दातांच्या दवाखान्यात माझ्या बाजूला भिवापूरचं एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या तपासणीचा रिपोर्ट बायकोच्या हातात होता.

"तोंडातला पांढरा चट्टा दर तीन महिन्यानं दाखवाले या, असं डॉक्टर म्हनले होते. तुमी काहून नाही आले जी?"

"तोंडाची आग थांबली होती वं. मले वाटलं, बरं झालं."

"थांबन नाही तं काय! मी तुमच्या भाजीत तिखट टाकनंच बंद केलं होतं."

"मले सांगतलं नाही तुनं."

"सांगतलं असतं तं ताट सरकवून दिलं असतं तुमी."

"मी समजलो, तुह्या हाताची चव गेली. तुले वाईट वाटन म्हनून चूपचाप खात राहिलो."

"अन् आता कॅन्सर निघाला."

"रडू नको वं. आज भाजी तिखट कर, पहिल्यासारखी."

"झोंबन ना जी."

"झोंबू दे."