एकोणिसाव्या मिनिटाला

थेल्मा : नाही, मिस्टर ब्रॅकनी. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. आता येईल असं वाटलं म्हणून नाही.

लायनल : ऐकू आल्यावरच दाबलं.

थेल्मा : शेवटच्या नऊ वेळा मी काही पाठवलंच नव्हतं.

डोरीन : घ्या! तरी मी सांगत होते. घरी टीव्ही असा गरजतो, की शेजाऱ्यांचं कुत्रं बातम्यांना उत्तर देतं.

लायनल : डोरीन, तू बाहेर बस ना जरा. मासिकं आहेत तिथं.

डोरीन : सगळी बागकामाची आहेत. मी इथंच बसणार. नवऱ्याच्या कानात काय बिघडलंय ते मला नवऱ्याकडून कळायचं नाही.

लायनल : नऊ वेळा? काहीच नव्हतं?

थेल्मा : काहीच नाही. आणि तरी नऊच्या नऊ वेळा तुमचं बोट अगदी वेळेवर पडलं. पंचवीस वर्षं कान तपासतेय मी. फसवायला बघणारे पुष्कळ येतात, पण ते अंदाजपंचे दाबतात. तुम्ही ठेक्यात दाबत होतात.

लायनल : कारण तुम्ही ठेक्यात पाठवत होतात! आधी सरळ चार-चार. मग मध्येच एकदम सातावर गेलात. अहो बाई, सरकारी दवाखान्यात सात मात्रा कोण लावतं?

थेल्मा : मुद्दाम लावल्या. तुम्ही मागून येता का बघायचं होतं.

लायनल : आलो की.

थेल्मा : लगेच आलात. म्हणून मी आवाज बंद केला. तुम्ही एकटेच पुढं गेलात.

लायनल : तीन, दोन, दोन... थांबा. हा 'लाँग मार्श'चा ठेका आहे.

थेल्मा : हो.

लायनल : डोरीन, ही बाई आपल्यातली निघाली!

डोरीन : आपल्यातली नाही, तुमच्यातली. आणि मी म्हणत होते, किती शहाणी बाई मिळाली.

थेल्मा : मी आधीच सांगायला हवं होतं. कागदावर नाव वाचलं तेव्हा वाटलं, असेल दुसरा कोणी. मग तुम्ही आत आलात, कोट काढलात आणि खुर्चीच्या पाठीवर डाव्या हाताची बोटं नाचवलीत, ऑर्गनवर नाचवता तशी. तुमच्या 'पेपर हेरन' बँडचे चारही रेकॉर्ड आहेत माझ्याकडे. 'लाँग मार्श' दोनदा घेतलाय. पहिला झिजला.

डोरीन : एकवीस मिनिटांचं एकच गाणं, आणि झिजेपर्यंत ऐकलंत? आमच्या वेळी लोक ते सुरू झालं की जाऊन केस कापून यायचे.

लायनल : हिनं ते आजवर एकदाही ऐकलेलं नाही. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि एकदाही नाही.

डोरीन : त्याला कारण आहे.

लायनल : असू दे. बाई, आता तुम्ही घरच्याच. मग सरळ बोलतो. मला एक कागद हवाय.

थेल्मा : कसला कागद?

लायनल : ऑक्टोबरात इथं कँटरबरीत आमचा कार्यक्रम लागलाय. सदतीस वर्षांनी. आता आम्ही तिघंच उरलोय, आणि त्या तिघांतला ढोलवाला क्लाइव्ह अडून बसलाय. मागच्या तालमीला मी तीनदा चुकीच्या जागी शिरलो. म्हणाला, कान तपासून घे, रिपोर्ट दाखव, नाहीतर मी बसत नाही. तर तुम्ही फक्त लिहायचं, 'वयाच्या मानाने ठीक'. तीन शब्द.

डोरीन : अस्सं! आणि मला सांगितलंस, मळ काढून आणायचाय.

लायनल : मळही असेल.

थेल्मा : मळ नाहीये. हे बघा, ही रेघ तुमच्या ऐकण्याची. इथपर्यंत, म्हणजे खालचे आणि मधले सूर, चांगले शाबूत आहेत. इथून पुढं मात्र रेघ कड्यावरून खाली पडते. दोन्ही कानांत. वरचे सूर गेलेत.

लायनल : थोडे गेलेत.

थेल्मा : थोडे नाही.

लायनल : अहो, पण वाजवता येतं मला. बोटांना सगळं माहीत आहे. तुम्ही तिकीट काढलंय?

थेल्मा : सातवी रांग. विक्री सुरू झाली त्या सकाळी आठला जाऊन उभी राहिले होते.

लायनल : मग क्लाइव्ह नाही म्हणाला तर तुमचंही नुकसानच.

थेल्मा : ते तुम्ही म्हणायच्या आधीच माझ्या मनात येऊन गेलं. त्याचीच लाज वाटतेय.

डोरीन : लायनल, त्या पोटासाठी काम करतात. कशाला गळ घालतोस?

थेल्मा : मी खोटं लिहिणार नाही, मिस्टर ब्रॅकनी. तुमच्यासाठी तर नाहीच. एखाद्या अनोळखी माणसासाठी एखाद वेळी मोह झाला असता.

लायनल : हं.

थेल्मा : रागावलात?

लायनल : नाही. भ्यालोय. आता त्या लोकांसमोर 'कान गेलेला म्हातारा, बिचारा तरी वाजवतोय' असं होणार. तुम्हाला एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला तो रेकॉर्ड पाठ आहे ना? मग मला आता त्यातलं काय ऐकू येत नाही? मी लावतो तेव्हा सगळं जागेवर वाटतं. जे नाही, ते नाही हे तरी मला कसं कळणार?

थेल्मा : बघू. झांजांची किणकिण गेली असणार. तुमचा गायक रॉडी, त्याच्या गाण्यातले 'स' आणि 'श' पुसट झाले असणार. व्हायोलिनचं टोक बोथट वाटत असेल. आणि... एकोणिसाव्या मिनिटाची ती शिट्टी.

लायनल : हो. ती नाही येत.

थेल्मा : म्हणजे शोधलीत तुम्ही?

लायनल : गेल्या वर्षी. चार वेळा सुई तिथंच ठेवली.

थेल्मा : तिच्यावरून आमच्या चाहत्यांच्या मंडळात दोन तट आहेत. वर्षातून एकदा सगळे जमतो, आणि दरवर्षी तेच भांडण. निम्मे म्हणतात बासरी आहे, निम्मे म्हणतात समुद्रपक्षी. एकानं तर हर्न बेच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पक्षी रेकॉर्ड करून आणले. मी कुठल्याच बाजूला नाही. बासरी अशी खालून वर सरकत जात नाही, आणि पक्षी एवढा दम धरत नाही. विचारू का? काय आहे ते?

लायनल : वाद्य आहे.

थेल्मा : कुठलं?

लायनल : जुनंच.

डोरीन : लायनल, तुझी मान लाल का झाली?

लायनल : गरम होतंय इथं.

डोरीन : कसली शिट्टी आहे हो ती? करून दाखवता?

थेल्मा : मला काही तशी नाही जमायची. आधी नुसती हवा येते, फुस्स करून. मग बारीक सूर धरतो, चढत चढत जातो आणि वर जाऊन स्थिर होतो. अकरा सेकंद. मग एकदम गळा दाबल्यासारखा खाली येऊन थांबतो. आणि तो थांबतो त्याच सुरावर मिस्टर ब्रॅकनी सगळी पट्टी बदलतात. ती जागा ऐकून मी चौदाव्या वर्षी जिन्यात बसून राहिले होते. आई म्हणाली, पोटात दुखतंय का?

डोरीन : ही तर किटली आहे.

थेल्मा : काय?

डोरीन : फॅवरशॅमच्या त्या शेतघरातली, जिथं यांचं रेकॉर्डिंग चाललं होतं. हिरवी किटली. झाकण सैल होतं तिचं, म्हणून आधी फुसफुसायची. लायनल, ती किटली आहे.

लायनल : हो.

डोरीन : माझी किटली.

लायनल : हो.

डोरीन : तो टेक तर फेकून दिला होता! रॉडी तिथं उभा राहून ओरडला माझ्यावर, सगळ्यांच्या देखत. दोन तासांची मेहनत एका मूर्ख बाईनं चहापायी घालवली म्हणाला. बाई, मी चोवीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं म्हणून सहा कप चहा ठेवला होता. स्वयंपाकघराचं दार मी उघडं ठेवलं नव्हतं, यांच्याच वायरी त्यातून गेल्या होत्या.

लायनल : फेकला नव्हता तो टेक.

डोरीन : ते दिसतंच आहे आता.

लायनल : मला हेडफोनमधून ऐकू आली ती. वाटलं, हेच तर हवं होतं, आठवडाभर तेच शोधतोय मी. शिट्टी थांबली तो सूर मी तिथल्या तिथं धरला आणि वाजवत पुढं गेलो. बाकीचे थांबले होते. मी नाही थांबलो. मग त्या रात्री मी आणि बार्नी, ध्वनिमुद्रणवाला, दोघांनी बसून तो टेक जोडला. रॉडीला सांगितलं, दुसरा लावलाय, आणि वरचा सूर माझ्या ऑर्गनचा आहे. खरं कळलं असतं तर त्यानं कापून टाकला असता.

डोरीन : आणि मी?

लायनल : तू काय?

डोरीन : मी बसनं घरी गेले. पाऊण तास त्या फाट्यावर उभी होते रडत. सारखी मागं बघत होते. तू आला नाहीस.

लायनल : मी तो टेक वाचवत होतो.

डोरीन : टेक वाचवलास.

लायनल : दुसऱ्या दिवशी सांगणार होतो तुला. तू दारातच म्हणालीस, त्या रेकॉर्डचं नावही या घरात काढायचं नाही.

डोरीन : मग तू ऐकलंस माझं? दुसऱ्या कुठल्या बाबतीत ऐकतोस का कधी?

लायनल : नंतर फार उशीर झाला. दोन वर्षांनी सांगायचं तर 'दोन वर्षं का नाही सांगितलंस' याचं उत्तर हवं. दहा वर्षांनी आणखी अवघड. पुढं वाटलं, आता विसरली असेल.

डोरीन : अडतीस वर्षं, लायनल! मला वाटायचं, मी तुझ्या सगळ्यात मोठ्या कामाचा सत्यानाश केला. तुमची मंडळी घरी आली की मी स्वयंपाकघरात का बसायचे, कधी मनात आलं तुझ्या?

लायनल : वाटलं, तुला ते लोक आवडत नाहीत.

डोरीन : आवडत नव्हतेच. तो मुद्दा वेगळा.

थेल्मा : मिसेस ब्रॅकनी, मी बाहेर जाऊन थांबू का?

डोरीन : तुम्ही कुठं जाताय? आज एवढं कळलं ते तुमच्यामुळे. तुमच्याकडे आहे का ते इथं?

थेल्मा : फोनमध्ये आहे. नेहमी असतं.

डोरीन : मला ऐकायचंय.

थेल्मा : एकोणिसाव्या मिनिटापासून लावते.

डोरीन : नाही, पहिल्यापासून. एवढी वर्षं थांबले, मधूनच कशाला शिरू? की पुढचा पेशंट आहे?

थेल्मा : जेवणाची सुट्टी आहे माझी. या, या काचेच्या खोलीत बसा. बाहेरचं काही ऐकू येणार नाही. हे हेडफोन असे. केस थोडे मागं घ्या. मी इथून लावते.

(डोरीन काचेच्या खोलीत जाऊन बसते. दार बंद होतं.)

लायनल : काय करेल ही घरी गेल्यावर?

थेल्मा : मला कसं माहीत असणार? माझी ओळख तुमच्या बोटांशी. त्यांना मी ओळखते.

लायनल : आपण आधी कधी भेटलोय का? लोक नेहमी सांगतात, भेटलो होतो. आणि मी नेहमी विचारतो, मी उद्धट वागलो का?

थेल्मा : भेटलोय. मार्गेटला, चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, कार्यक्रमानंतर मागच्या दाराशी. आम्ही तिघी मैत्रिणी होतो. त्या दोघींना रॉडीची सही हवी होती. मी तुम्हाला विचारलं, ती शिट्टी कसली?

लायनल : मी काय म्हणालो?

थेल्मा : तुम्ही चमकून बघितलंत. मग म्हणालात, 'तुला ऐकू आली? मग गप्प बस.' आणि गाडीत बसलात.

लायनल : म्हणजे उद्धटच.

थेल्मा : मला नाही वाटलं. घरी जाताना मैत्रिणींना विचारलं, तर दोघींना रेकॉर्डवर तिथं काही ऐकूच आलं नव्हतं. तेव्हापासून मला ते कोडं पडलं. एकच गोष्ट एकाला ऐकू येते, दुसऱ्याला नाही, असं कसं? पुढं त्याचीच नोकरी झाली.

लायनल : तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणायला हवं की आठवतंय. पण नाही आठवत.

थेल्मा : आठवतंय म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला नसता. सहा मिनिटं झाली. हसताहेत त्या.

लायनल : तिथं रॉडीचा आवाज चिरकतो. रिपोर्टमध्ये काय लिहिणार?

थेल्मा : जे आहे ते. वरचे सूर गेलेत, खालचे उत्तम. दोन्ही कानांना मशीन लागेल. आणि वाजवायला हरकत नाही असंही लिहीन, कारण तेही खरं आहे. तुम्ही ठेका चुकत नाही. कोणीतरी वरच्या सुरावर खूण देतं तिथं तुम्ही चुकत असणार. तालमीत कुठं चुकलात?

लायनल : क्लाइव्ह झांजेवर टिचकी मारतो, त्यावर मी शिरतो.

थेल्मा : तिन्ही वेळा?

लायनल : तिन्ही वेळा. अरेच्चा!

थेल्मा : मग त्याला म्हणावं, मोठ्या ढोलावर मार. पण हे तुम्ही सांगायचं, स्वतःच्या तोंडानं. मी नाही.

लायनल : सांगताना जीभ अडखळेल.

थेल्मा : अडखळू दे. तेरा मिनिटं.

लायनल : मशीन लावल्यावर ती शिट्टी परत येईल?

थेल्मा : काहीतरी येईल. तीच येईल असं वचन देत नाही. पहिल्यांदा सगळंच पत्र्यासारखं वाटतं. लोक चिडून मशीन ड्रॉवरमध्ये टाकतात.

लायनल : मीही टाकेन.

थेल्मा : मग मिसेस ब्रॅकनी काढून परत लावतील. अठरा मिनिटं वीस सेकंद. वेळ सांगत जाऊ का?

लायनल : नको. मला काही ऐकू येत नाहीये, बघत तरी बसू दे.

थेल्मा : खुर्ची पुढं घ्या.

लायनल : चेहरा नाही दिसत नीट. काचेत माझंच डोकं आडवं येतंय.

थेल्मा : इकडं सरका. आता?

लायनल : आता दिसतंय... आली. वाजली ना आत्ता?

थेल्मा : अगदी आत्ता. कसं कळलं तुम्हाला?

लायनल : तिचा हात बघा. गॅस बंद करायला निघालाय.