डोंगर बघायला कवा यावं

चहा घ्या निवांत, पर डोंगर बघायला कवा येऊ, ते मला इचारू नका. आमच्या थोरल्या अप्पांनी त्याचं उत्तर एकदा दिलं होतं.

निजामाच्या राज्यात डोंगरावरचं रान शिकारीला राखलेलं. हैदराबादचे एक साहेब मेंढ्या राखणाऱ्या अप्पांना इचारले, "जनावर देखने कब आना?"

अप्पा खुशीत म्हणले, "वैशाखात या सरकार. सगळं आटतंय, एकच तळं राहतंय. समदी जनावरं तिथंच येतात."

साहेब वैशाखात आले आणि तळ्यावरच तंबू ठोकले. शिकार बुजती म्हणून शिपाई मेंढ्या पाण्याला लावू देईनात. अप्पा पाया पडले. मेंढ्यांला पाण्याचा वास यायलता, त्या हटेनात. तळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि तिथंच एकेक पडल्या.

जाताना साहेब म्हणले, "तुम सच बोले थे. मौसम बहुत उम्दा है."

पुढच्या साली अप्पा लोकांच्या रानात रोजानं जायलते. तवा साहेबांचा माणूस पुन्हा इचारायला आला.

अप्पा म्हणले, "भर पावसात या म्हणावं."

"पावसात काय दिसतंय?"

"काहीच न्हाई. पर पाणी समद्यांला पुरतंय."