हंड्यातलं स्पिरिट

(सोलापूर, १९३१. सोडावॉटरवाल्यांना फळांच्या वासाचा अर्क पुरवणारा छोटा कारखाना. मालक विरुपाक्ष, रसायनं पाहणारे कमलाकरपंत, बाटल्या धुणारी बसम्मा.)

विरुपाक्ष : हंडा लावणाऱ्या मायाप्पानं चोरून प्यालं नाही म्हणता, मग अर्क एवढा कमी कसा? स्पिरिट गेलं कुठं, कमलाकरपंत?

कमलाकर : हंड्यातच आहे, अप्पासाहेब. शिरक्यातलं आम्ल आणि स्पिरिट मिळून अर्क होतो, पाणी सुटतं. पण तोच अर्क पाण्याशी मिळून पुन्हा आम्ल आणि स्पिरिट होतो.

विरुपाक्ष : दह्याचं परत दूध होतं काय?

कमलाकर : दह्याचं नाही, याचं होतं. आधी नुसतं बनणंच चालतं. अर्क साठेल तसा मोडण्याचा वेग वाढतो, बनण्याचा घटतो. दोन्ही सारखे झाले की प्रमाण तिथंच अडतं.

विरुपाक्ष : मग जाळ वाढवा!

कमलाकर : तिथवर लवकर पोचू. पुढं नाही.

विरुपाक्ष : ही कॉलेजातली पोपटपंची कुणी करायला लावली? बसम्मा, तुझ्या नवऱ्याला, मायाप्पाला, कामावरून काढलं म्हणून तूच पंतांना गाठलंस ना?

बसम्मा : मी बाटल्या धुनारी, धनी. मला यातलं काय ठावं? पर माझा नवरा दारूला शिवत न्हाय.

कमलाकर : माझ्यावर विश्वास नको. पंधरवड्यामागं बाटलीत निव्वळ अर्क, पाणी आणि हंड्यात घालतो तसे, वेग यावा म्हणून, तेजाबाचे थेंब घातले. बूच तुम्ही लावलंत. लाख तुमची, कपाट तुमचं. फोडा.

विरुपाक्ष : लाख तर शाबूत आहे... हं.

बसम्मा : शिरक्याचा वास! हितवर आला की.

विरुपाक्ष : अर्कात आधीचंच आम्ल राहिलं असेल.

कमलाकर : आम्ल जावं म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं अर्क धुतला, तेव्हा समोर होता तुम्ही. हुंगून 'निर्मळ' म्हणालात.

विरुपाक्ष : म्हणालो खरा... म्हणजे हंडा कुणीही लावला तरी एवढं स्पिरिट उरणारच?

कमलाकर : उरणारच. अर्क होईल तसा काढून घेत राहिलो, तरच मोडायला काही राहणार नाही आणि काम पुढं सरकेल.

विरुपाक्ष : बसम्मा, मायाप्पाला सांग, उद्यापास्नं कामावर ये.

बसम्मा : सांगते. येतील का, ठावं न्हाय.

विरुपाक्ष : का?

बसम्मा : समद्या गड्यांम्होरं तोंड हुंगलंत तुमी त्यांचं.

विरुपाक्ष : ...मी येतो बोलवायला. घर कुठं तुमचं?

बसम्मा : तालमीमागं. पर दारात जरा थांबा, धनी. तवापास्नं कोन आलं की ते आधी चूळ भरत्यात.