मेजरचं स्थळ

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "संध्याताई, तुम्हाला मध्ये पडायला सांगितलं होतं कोणी?" आता तुम्हीच सांगा, शेजारी तीन वर्षांचा, उपवर, वासराएवढा जर्मन शेफर्ड फाटकावर पाय टाकून उभा आहे, आणि मी, आजवर अकरा लग्नं जमवलेली बाई, मेथी निवडत गप्प बसू? तुम्हाला सांगते, मी घाबरट नाही, पण त्या रविवारी भीतीनं अशी धावले, की गुडघे अजून जिना चढताना आठवण देतात.

त्याचं नाव मेजर. शेजारच्या ढुंढिराजभावजींचा. त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद आहेत. आमच्या ह्यांना विचारा, पणजोबांचं नाव सांगता येत नाही. तर भावजींनी ठरवलं, मेजरची पिल्लं व्हावीत, पण रीतसर. त्याच्या खुब्यांचा एक्सरे काढला, रक्त तपासलं, आणि मला ओट्यावर बसवून नियम सांगितले... मादी दोन वर्षांच्या वरची हवी, पिल्लं कुणाच्या घरी जाणार ते आधी ठरलेलं हवं, आणि तिच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय फाटक उघडणार नाही, कारण एक रोग असा असतो की मादीचे गर्भ पडतात, मेजर कायमचा बाद होतो, आणि तो रोग माणसालाही होऊ शकतो. शिवाय दोघं जुळली की अर्धा अर्धा तास अडकून राहतात म्हणे, तेव्हा ओढाओढ करायची नाही, कुणीतरी मादीचं डोकं धरून शांत बसायचं. मी घाबरट नाही हो, पण कुत्रीचं डोकं?

दिंडोरीला आमच्या ओळखीचे पुंजाअण्णा आहेत, द्राक्षबागवाले. त्यांच्याकडे मैना, तीही शेफर्ड, अडीच वर्षांची, कागदपत्रांसकट. आणि नेमकी माजावर येत होती. लावला फोन. वय विचारलं, कागद विचारले, स्वभाव विचारला, आणि रक्तापाशी येऊन माझी जीभच टाळूला चिकटली. अहो, मुलीकडच्यांना कसं विचारायचं, तुमच्या मुलीला रोग तर नाही ना? अकरा लग्नांत पत्रिका मागितल्या, फोटो मागितले, रक्त कधी मागितलं नाही. फोन ठेवते तोच भावजी कुंपणावरून म्हणाले, "रिपोर्ट?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहिला. छान आहे."

मग काय विचारता! चार दिवस अंगण झाडायला गेले की मेजर फटीतून बघायचा, शेपूट हलवायचा, आणि मला वाटायचं, ह्याला सगळं कळलंय. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याचं आपण वाटोळं करतोय... मी घाबरट नाही, पण त्या शेपटीला मी भ्यायले.

रविवारी सकाळी पिकअप येऊन थांबली. पुढे पुंजाअण्णा आणि त्यांच्या सिंधुबाई, मागे साखळीला मैना. वास येताच मेजर फाटकावर असा आदळला की कडी नाचली. भावजी कडीकडे निघाले. मी म्हटलं, छे, आधी माझ्याकडे पोहे. पोहे झाले. म्हटलं, चहा. चहाही झाला. आता? काही सुचेना, म्हणून सिंधुबाईंची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, सगळं. त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाल्या, "म्हंजे ठरलंच म्हणा की."

ठरलंच! आणि भावजींचा हात परत कडीवर. मी धावत जाऊन फाटकाला पाठ लावून उभी राहिले. मागून मेजरचा गरम श्वास मानेवर, पुढे मैना दात दाखवतेय. डोळे मिटले आणि म्हटलं, "भावजी, उघडू नका. रिपोर्ट मी पाहिलेला नाही. मी विचारलंच नाही. लाजले."

मला वाटलं, आता भावजी मेजरला नाही, मलाच आत ढकलून कडी लावणार. पण ते अगदी हळू बोलले, "त्याला बोलता येत नाही, संध्याताई. म्हणून त्याच्या वतीनं आपण विचारायचं असतं." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि पुंजाअण्णा? ते हसायला लागले. "अवो ताई, त्यात काय लाजायचं? म्हैस घ्यायची तरी आम्ही रक्त तपासून घेतो. त्यो रोग लय वाईट. इचारलं असतं तर डाक्टरला कवाच बोलावलं असतं." आता तपासून रिपोर्ट येईपर्यंत मैनाचा माज उतरणार. म्हणजे सहा-सात महिने थांबा.

मला वाटलं, सुटले. पण सिंधुबाई खण छातीशी धरून म्हणतात, "ओटी भरली हाय. आता दुसरीकडं बघायचं नाय." भावजींनी मान डोलावली. म्हणाले, रिपोर्ट मी स्वतः वाचेन, आणि मैनाचं डोकं धरायला संध्याताई बसतील. मग सिंधुबाईंनी ठरवलं, तिला माझी सवय व्हायला हवी, तेव्हा दर पंधरा दिवसांनी मी दिंडोरीला यायचं.

परवाच पहिली फेरी झाली. मैनाला घाबरायचं काही कारण नाही म्हणतात, ती फक्त हुंगते. मीही श्वास रोखून तिला हुंगू दिलं. काय करणार? अकरा लग्नं जमवली, पण मंगलाष्टकांनंतर मुलीचं डोकं धरून अर्धा तास बसायची वेळ एकाही लग्नात आली नव्हती.