अर्धा चहा बशीत

तू बशीत चहा ओतलास अन् मला वाटूर गाव आठवलं बघ. आई जाऊन बरीच वर्षं झाल्ती, म्हणून मीच अण्णांसाठी तिथलं स्थळ शोधलं अन् त्यांना घेऊन गेल्ते. बाईंचाही नवरा वारलेला. त्यांनी आम्हाला चहा दिला, स्वतः घेतलाच न्हाई. अण्णांनी निम्मा चहा बशीत ओतला अन् बशी बाईंपुढं सरकवली. आईला रोज असाच द्यायचे.

मी हळूच म्हणलं, "अण्णा, आपण घरी न्हाई."

अण्णांचा हात बशीवरच राह्यला. मला वाटलं, आता उठतेत हे.

बाई म्हणल्या, "आमच्याकडं बशी ते घ्यायचे. कप माझा असायचा."

अण्णांनी बशी परत ओढून घेतली अन् कप त्यांच्याकडं सरकवला.