लंकेला मी गेलो होतो का तुम्ही?

या, बसा, पण आधी मला एक सांगा, लंकेला मी गेलो होतो का तुम्ही? नाही, सांगाच! मीच गेलो होतो ना? मग मी तोंडानं सांगून राहिलोय की तो दगड सीतामाईचा नाही, तर तुम्ही पायातल्या चपला कामून काढून राहिले? घाला त्या परत... बघा, नाही घालणार! कुणीच घालत नाही. दर रामनवमीला अर्धं नांदेड आमच्या ओसरीवर येतं, फोटोला कुंकू लावतं, नारळ वाढवतं, माझ्याच हातावर सुंठवडा ठेवतं, आणि मी आपलं 'अहो, त्या फोटोत खरं म्हणजे...' एवढं म्हणेपर्यंत पुढची बाई बोट कुंकवात बुडवून तयार! आज मात्र मी दाराला कडी घातलीय. सगळं ऐकल्याशिवाय दर्शन नाही.

तुम्हाला सांगतो, हा घोळ घातला आमच्या भूगोलाच्या प्रोफेसरांनी. मी हैदराबादेला कॉलेजात. आता आपल्या हैदराबाद संस्थानात कमी काय आहे? रेल्वे आपली, पोस्ट आपलं, नाणं आपलं... समुद्र तेवढा नाही! चारी बाजूंनी नुसती जमीन. आणि हे वर्गात भरती-ओहोटी शिकवून राहिले. पोरांनी पाहिलेली भरती म्हणजे तहसील कचेरीतली! शेवटी एक दिवस त्यांनी खडू फेकला आणि ओरडले, "बरखुरदार, जिसने समंदर नहीं देखा, वो जुगराफिया क्या ख़ाक पढ़ेगा!" जुगराफिया म्हणजे आपला भूगोल हो! आणि ओळखीपाळखी लावून एका टर्मपुरतं मला धाडलं थेट कोलंबोच्या कॉलेजात. मलाच कामून? तर वर्गात पोहता येणारा मी एकटा. कुठं? गोदावरीत, गुडघाभर पाण्यात! त्यांना वाटलं, तेवढं पुरे.

इथपर्यंतसुद्धा ठीक होतं हो. पण आमचे वडील, अनंतराव मास्तर, त्यांच्या पोटात काही राहतं का? चौकात भेटेल त्याला, "मार्तंड सिलोनला चालला." लोकांना सिलोन कळेना. मग हे म्हणाले, "अहो, सिलोन म्हणजे आपली लंका." झालं! माझा भूगोल तिथंच संपला आणि रामायण सुरू झालं. स्टेशनावर ही गर्दी. बायका ओवाळून राहिल्या, कुणी म्हणतं 'बिभीषणाच्या घरचं कुणी भेटलं तर नमस्कार सांगा', एक म्हातारबा तर खिडकीतून मुंडकं आत घालून माझ्या कानात, "बाळ, पुष्पक विमानाचं काही राह्यलं असलं, तं बघून ये." मी म्हटलं, येतो.

आता मधेच एक सांगून टाकतो, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. लातूरचे बापूसाहेब वकील, त्यांची विमल. तिला मी एका लग्नात पाहिलं होतं. ती पंगतीत मठ्ठा वाढून राहिली होती आणि मी शेजारच्याला कॅमेरा म्हणजे काय ते हातवारे करून समजावत होतो, त्या हातवाऱ्यात तिच्या हातातलं भांडं उडालं ते माझ्याच डोक्यावर. सगळे ओरडले, ती हसली. बस! मठ्ठा निथळत होता आणि मी मनात म्हणत होतो, लग्न करीन तर हिच्याशीच. बोलणी झाली, पण बापूसाहेब वकील माणूस, तारीख दिल्याशिवाय राहतात का? "मुलगा लंकेहून परत येऊ द्या, मग बघू."

गेलो. पाहिला समुद्र. काय सांगू तुम्हाला... मी किनाऱ्यावर पहिल्यांदा उभा राहिलो ना, तर आधी ओंजळीत घेऊन पाणी चाखलं, खारट! खात्री करायला पुन्हा चाखलं, पुन्हा खारट! मावसभावाचा डबा-कॅमेरा मागून नेला होता. मग काय, सुट्टी मिळाली की आगगाडीत बसायचं, तिथं गाडी समुद्राच्या अगदी कडेकडेनं जाते, वाटेल तिथं उतरायचं आणि टिपायचं. लाटा टिपल्या, फेस टिपला, शिडं टिपली, जाळी ओढणारे कोळी टिपले, दीपगृह टिपलं, एका लाटेच्या नादात बुटासकट कंबरेपर्यंत भिजलो, पण कॅमेरा डोक्यावर! मनात एकच, हे सगळं आपल्या माणसांना दाखवायचं. आपल्याकडं कुणी पाहिलंय हो एवढं पाणी? एका तरी माणसानं म्हणावं, मार्तंडा, काय समुद्र टिपलास!

कुणी म्हटलं? आजपर्यंत कुणी म्हटलं?

परत येताना संस्थानाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर सामान तपासलं. शेवटचं रीळ अजून धुवायचं होतं आणि त्यातच मुख्य फोटो, मी स्वतः आगबोटीच्या कठड्याशी, कोट घालून, मागं समुद्र! नाक्यावरचा जवान म्हणाला, "इसमें क्या है जी?" मी म्हटलं, फोटो हैं. त्यानं रीळ काढलं, भर उन्हात हातभर लांब उलगडलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि वर मलाच, "कहाँ हैं जी फोटो? मेरे कू तो कुछ नै दिखता!" मी म्हटलं, आता मलाही नाही दिखणार. मी डोक्याला हात लावला आणि त्यानं मला सलाम केला.

इकडं नांदेडात काय, लातुरात काय, तोवर बातमी फिरलेली. अनंतरावांचा पोरगा लंकेला गेलाच नाही! मुंबईत नाटकं बघत फिरला! कामून? तर लंकेला गेलेला माणूस रिकाम्या हातानं कसा येईल, सोन्याची एक वीट नाही? आणि बापूसाहेबांचा निरोप, सबूत घेऊन लातूरला या, नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे. दुसरं स्थळ कोण? तर मुन्सफाच्या कचेरीतला पेशकार, न्यायाधीशापुढं कागद सरकवणारा कारकून! वडील आणि मी, फोटोंचं पाकीट छातीशी धरून, सर्व्हिस मोटारीत सांध्यासांध्यातून खिळखिळे होत लातूरला पोचलो.

बैठकीत बापूसाहेब लोडाला टेकून. बाजूला त्यांच्या थोरल्या भगिनी लक्ष्मीबाई, सगळं रामायण तोंडपाठ. कोपऱ्यात त्यांचे एक पक्षकार, मुरुडचे शेषेराव पाटील, कज्जासाठी आलेले, पण कज्जा विसरून पुढं सरकून बसलेले. विमल दाराआड, फक्त बांगड्यांचा आवाज. बापूसाहेबांनी चष्मा पुसला आणि जिरह सुरू, म्हणजे वकिली उलटतपासणी!

"आपण लंकेस गेला होतात, असं आपलं बयान आहे?"

"हो."

"मग ह्या फोटोत लंका कुठं आहे?"

"ही काय. हा समुद्र..."

"समुद्राचं विचारलं नाही. समुद्र मुंबईलाही आहे. मारुतीनं जाळलेला भाग दाखवा."

आता जाळलेला भाग मी कुठून आणू? शेषेरावांनी एक फोटो उलटासुलटा केला, "ह्यात सोनं कुठं हाय वो? समदं काळंपांढरंच दिसून ऱ्हायलं." लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावला, "आणि समुद्र ओलांडला म्हणे! प्रायश्चित्त?" तेवढ्यापुरते मात्र बापूसाहेब माझ्या बाजूनं, "अक्का, रामरायानं ओलांडला तेव्हाच त्याचा फैसला झालाय." आणि पुन्हा माझ्याकडं, "अशोकवन?" मी म्हटलं, तसं काही तिथं मला कुणी दाखवलं नाही. "म्हणजे गवाह म्हणतो अशोकवन नाही! लंकेत, अशोकवन, नाही!" मी म्हटलं, अहो, लंकेला मी गेलो होतो का तुम्ही? वडिलांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की काय सांगू.

बापूसाहेब फोटो गोळा करून पाकिटात घालून राहिले. झालं, मुकदमा खारीज! दाराआड बांगड्या खळकन दारावर आपटल्या. मला डोळ्यांपुढं तो पेशकार बाशिंग बांधून दिसायला लागला. आणि तेवढ्यात लक्ष्मीबाईंनी एक फोटो खेचला आणि किंचाळल्या, "अगं बाई! बापू, हे काय?"

आता तो फोटो म्हणजे काय, तर किनाऱ्यावर एक वाकडं झाड, झाडाखाली सपाट दगड, दगडावर ओळीनं मांडून वाळत घातलेली बारीक मासळी, आणि शेजारी कावळे हाकायला काठी घेऊन बसलेली एक कोळीण. मी जवळ गेलो तर तिनं ती काठी माझ्यावर उगारली होती, म्हणून तर फोटो जरा हललाय.

लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाणी. "ही शिळा! माय माझी इथं बसली होती. आणि बघा, अजून रोज फुलं वाहतात गं बाई, कशी ओळीनं वाहिलीत!"

मी म्हटलं, ती फुलं नाहीत...

"आणि ही राखणीला बसलेली त्रिजटा!"

"मंजी पहारा आजून चालूच हाय म्हना की!" शेषेरावांनी हात जोडले.

बापूसाहेब म्हणाले, "पण अशोकाचं झाड असं वाकडं?"

"दुःखानं वाकलं, बापू! तिचं दुःख बघून!" आणि तुम्हाला सांगतो, मी 'अहो ती...' म्हणेपर्यंत त्या सोवळ्यातल्या बाईनं कपाळाचं कुंकू बोटानं मासळीवर टेकवलंसुद्धा! आता खरं सांगावं, तर पूजा केली ती मासळीची, घर बाटलं, लग्न मोडलं. न सांगावं, तर... पण सांगणार होतो हो, आईशप्पथ, तोंड उघडलंच होतं, पण वडिलांचा दुसरा चिमटा पहिल्याच जागेवर बसला.

पण वकील तो वकीलच. "एका गवाहावर फैसला होत नाही. विमल, भिंग आण. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, तूच बघ. फुलंच आहेत का?"

विमल आली. मान खाली. भिंग फोटोवर धरलं. बघून राहिली, बघूनच राहिली... भिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं फिरलं. मग तिनं एकदाच वर बघितलं, माझ्याकडं. मला वाटलं, संपलं. मी मनातल्या मनात त्या पेशकारावर अक्षता टाकल्या.

"मोगऱ्याच्या कळ्या आहेत, बाबा," ती म्हणाली. "जरा वाळल्यात."

आणि माझं लग्न झालं.

लग्न झाल्यावर मी तिला विचारलं, खरंच कळ्या वाटल्या का गं? तर भांडी आवरता आवरता म्हणाली, "कळ्यांना डोळे असतात का? शेपट्या असतात का? मला काय मुन्सफाच्या कचेरीत नांदायला जायचं होतं?" घ्या! पण त्या दिवशी तिनं माझं सगळं पाकीट मागून घेतलं, एकेक फोटो मांडीवर ठेवून बघितला, आणि म्हणाली, "ह्या पाण्याच्या पलीकडं काय आहे?" मी म्हटलं, पाणी. "आणि त्याच्या पलीकडं?" पाणीच. "मग त्याला अडवतं कोण?" प्रोफेसरांनी तेवढं शिकवलं नव्हतं. पण खरं सांगतो, इतका आनंद मला आगबोटीवरही झाला नव्हता.

राहिला तो फोटो. लक्ष्मीबाईंनी लग्नात काच-चौकट करून आम्हालाच आहेर दिला, रोज उदबत्ती ओवाळायच्या अटीवर! मी सासऱ्यांना पुढं स्पष्ट सांगितलं, बापूसाहेब, ती मासळी आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "केवढा हा विनय! एवढं दर्शन घडूनही अहंकार नाही." शेषेरावांना सांगितलं, तर ते गावाहून मोटारीभर माणसं घेऊन आले. आता तुम्हीच बघा ना, वर हळद, खाली कुंकू, काचेत कडेनं शिरून शिरून समुद्र पार झाकून गेला हो! दिसते ती फक्त मासळी. तिला मात्र कुणी धक्का लावत नाही, फुलं आहेत म्हणे!

झालं. ऐकलंत? सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. सुकत घातलेली मासळी आहे ती. मा-स-ळी! आता घाला चपला आणि... अहो, हात कामून जोडून राहिले? काकू, तुम्ही तरी... ते कुंकू आधी खाली ठेवा बघू!

आलो, आलो गं! आतून हाक आली, उदबत्तीची वेळ झाली. रोज म्हणतो हो तिला, विमल, ठाऊक असून मासळीला ओवाळायचं म्हणजे मला कसंसंच होतं, तू लाव. तर काय म्हणते, माहितेय? "लंकेला मी गेले होते का तुम्ही?"

सरका जरा... काडेपेटी आहे का कुणाजवळ?